बिनतारी कळफलक खरेदी करणेबाबत

तांबेकाकांनी मला पहिल्यांदा चहा विचारला, तोसुद्धा लेखी.

मी त्यांची मागची खोली भाड्यानं घ्यायला गेलो होतो. सोबत राजापूरहून आलेले बाबा. काकांनी आम्हाला ओटीवर बसवलं, आत गेले आणि एक छापील कागद घेऊन आले. ‘चहा / कोकम सरबत / काही नको. लागू नसेल ते खोडावे.’ खाली सहीला जागा. बाबा चिऱ्याच्या खाणीवर कामाला. कागद दिसला की ते माझ्याकडे बघतात, कारण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी घाबरून तिन्ही खोडले.

“अरे, मग आलास कशाला?” काका म्हणाले. तरी चहा आला.

काका सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे कचेरीनं त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांच्या बाजूनं तसं काही घडलेलं नव्हतं. “तोंडी म्हणजे वाफ रे बाबा,” ते म्हणायचे. “उडून जाते. लेखी दे.” माझ्या खोलीतला बल्ब गेला तेव्हा मी अर्ज दिला. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘आपली मागणी रास्त असल्याचे दिसून येते.’ उत्तर घेऊन काका स्वतः आले होते आणि त्यांच्या दुसऱ्या हातात बल्ब होता.

हे २००७ साल. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉम्प्युटर हा माझा विषय होता. ‘विषय होता’ एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. पण काकांना ते कळल्यावर त्यांनी मला तांत्रिक सल्लागार नेमलं. नेमणुकीचं पत्रही दिलं. मला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मी ते जपून ठेवलं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत मोठा डबा टीव्ही होता आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. त्यात काकांनी दोनशे कॅसेटींतली नाट्यगीतं आणि घरातले सगळे फोटो भरले होते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कायद्यानं फुकट मिळणारं. तेव्हा रत्नागिरीत ज्याच्याकडे कॉम्प्युटर त्याच्याकडे चोरीची सीडी, असाच प्रकार होता. दुकानदारानं काकांनाही तसली एक देऊ केली. “छत्तीस वर्षं नोकरी केली,” काका त्याला म्हणाले, “साइटवरच्या सिमेंटची एक गोण घरी आणली नाही. आता म्हातारपणी चोरीची सीडी आणू?” मग एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्यांनी महिनाभर खपून लिनक्स बसवलं. त्याच्या परवान्याची प्रत त्यांनी छापून टीव्हीच्या मागच्या भिंतीला डकवली होती. तपासणी आली तर असावी म्हणून.

हे सगळं शालिनीकाकींसाठी होतं. काकी त्याच कचेरीत अधीक्षक होत्या, म्हणजे काकांच्या वरिष्ठ. लग्नाआधी आणि नंतरही काकांचा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि त्रुटी काढल्याशिवाय त्यांनी एकही सोडला नाही असं काका अभिमानानं सांगत. आदल्या दिवाळीत काकींना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं थोडं जड राहिलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, रोज या हातानं लिहायला लावा, नाहीतर बोटं आखडतील ती कायमची. काकांनी चार रेघी वही आणली. काकींनी ती डाव्या हातानं थेट विहिरीच्या दिशेनं भिरकावली.

“मी काय पहिलीत आहे?” त्या म्हणाल्या. पुन्हा वही आली तर जेवणार नाही, असंही म्हणाल्या.

काकींची खुर्ची टीव्हीपासून आठ फुटांवर होती. कीबोर्डची वायर खोलीच्या मधून जायची. कामाला येणाऱ्या सुलभाताई तिला अडकून एकदा आमटीच्या पातेल्यासकट आडव्या झाल्या. त्या दिवशी नस्ती, म्हणजे कचेरीच्या भाषेतली फाइल, उघडली गेली.

पिवळा पुठ्ठा, लाल फीत. ‘विषय : बैठकीच्या खोलीतील संगणकाकरिता बिनतारी कळफलक खरेदी करणेबाबत.’ पहिलं टिपण काकांनी लिपिक म्हणून लिहिलं. मग चष्मा बदलून शाखाप्रमुख म्हणून त्याला सहमती दिली. मग माझी तांत्रिक शिफारस. आणि शेवटी ‘अंतिम मान्यतेस्तव सादर.’ नस्ती काकींच्या मांडीवर ठेवून काका दोन पावलं मागे उभे राहिले, हात बांधून.

“मॅडम,” ते म्हणाले. घरात एरवी ते त्यांना शालू म्हणत.

“काय आहे तांबे?”

“तातडीचं आहे.”

“तुमचं सगळंच तातडीचं असतं.”

काकींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग उजव्या हाताच्या बोटांत डाव्या हातानं पेन खुपसलं आणि अर्धं पान व्यापणारी अक्षरं काढली. मुंग्यांची रांग वाऱ्यानं उडावी तशी ती दिसत होती. मी वाकून बघितलं. ‘का?’

“झालं,” काका मला बाहेर येऊन म्हणाले. “त्रुटी आली. आता खुलासा करावा लागणार.” माणूस एवढा खूश का, ते मला कळलं नाही.

पहिला कीबोर्ड इन्फ्रारेडचा आणला, टीव्हीच्या रिमोटसारखा. त्याला समोरचं सगळं स्वच्छ दिसावं लागायचं. सुलभाताई चहा घेऊन मधून गेल्या की त्या वेळी दाबलेली कळ वाया. काकांनी टिपण लिहिलं, ‘चहा आल्यास काम बंद पडते.’ काकींचा शेरा आला, ‘चहा बंद करावा काय?’ काकांनी तीन पानी खुलासा केला, त्यात सुलभाताईंचा जबाब जोडला. सुलभाताई म्हणाल्या, “माझा अंगठा कशाला हवा हो? मी वळसा घालून जाईन की!” पण ते तोंडी होतं.

दुसरा रेडिओचा. तो उत्तम चालला, अडीच दिवस. तिसऱ्या दिवशी काकी नाट्यगीत शोधत होत्या तर शोधायच्या जागी आपोआप इंग्रजीत ‘डिअर सर’ उमटलं. पाठोपाठ एका आंब्याच्या बागेचं वर्णन. भिंतीला भिंत लागून असलेल्या नाटेकरांनीही त्याच दुकानातून तसलाच कीबोर्ड घेतला होता आणि ते जमिनीच्या व्यवहाराचं पत्र टाइप करत होते. दोन्ही कीबोर्ड एकाच लहरीवर. टीव्हीवर पंचवीस इंचांत पत्र उमटत गेलं.

“बागेत विहीर आहे म्हणतोय,” काकी म्हणाल्या. “ती तर आटलेली आहे. तांबे, नोंद घ्या.”

काकांनी नाटेकरांना रीतसर हरकत पाठवली. नाटेकर तणतणत आले. “तुमच्या त्या रेकणाऱ्या गाण्यांची नावं माझ्या पत्रात येतायत, त्याचं काय?” काका म्हणाले, “लेखी द्या.” काकींनी नस्तीवर लिहिलं, ‘शेजाऱ्यास लहर बदलण्यास कळवावे. न बदलल्यास विहिरीबाबत गिऱ्हाइकास कळवावे.’ दोन पूर्ण वाक्यं. नाटेकरांनी कीबोर्ड परत केला, पण काकांनीही आमचा परत केला. ‘भविष्यात दुसरा शेजारी उद्भवू शकतो’ असं कारण दिलं.

मला राग यायला लागला होता, खरं सांगतो. माझं सबमिशन बाकी होतं आणि मी दर रविवारी दुकानाच्या चकरा मारत होतो. एक गोष्ट घ्यायला सहा महिने! आमच्या गावात लोक म्हैस याहून लवकर घेतात.

तिसरा कीबोर्ड ब्लूटूथचा. तो मुंबईहून एसटीच्या पार्सलनं आला. कॉम्प्युटर सुरू झाला की तो ओळखच देईना, दर वेळी नव्यानं जोडावा लागायचा. काकांनी लिहिलं, ‘रोज सकाळी अनोळखी माणसासारखा वागतो.’ काकींनी विचारलं, ‘हा दोष कळफलकाचा की संगणकाचा? सल्लागाराने अहवाल द्यावा.’

सल्लागार म्हणजे मी. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे अहवाल मागितला होता. मी लॅबमधल्या सरांना विचारलं, वहीभर कमांड उतरवून आणल्या आणि रविवारी दुपारी बसलो. चार वाजता जमलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कीबोर्ड लगेच जोडला गेला. आवाजाच्या कळासुद्धा चालल्या. स्वयंपाकघराच्या दारातून चालला, मधे सुलभाताई उभ्या असताना चालला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘कोणताही दोष आढळला नाही. खरेदी कायम करण्यास हरकत नाही.’ आणि नस्ती काकांकडे दिली.

काकांनी वाचलं. “बरं,” म्हणाले. शाबासकी नाही, काही नाही. नस्ती कपाटात गेली.

चार दिवस ती बाहेर आली नाही. काकी रोज विचारायच्या, “तांबे, नस्ती कुठं आहे?” काका म्हणायचे, “तपासणीला आहे, मॅडम.” पाचव्या दिवशी काकींनी विचारलं नाही. हात मांडीवर ठेवून टीव्हीकडे बघत राहिल्या. टीव्ही बंद होता.

त्या संध्याकाळी काका माझ्या खोलीत आले. हातात नस्ती. माझ्या कॉटवर बसले आणि फीत सोडली.

“पहिल्यापासून बघ,” म्हणाले.

मी पानं उलटली. ‘का?’ अर्ध्या पानाचं. मग ओळ सोडून खाली घसरलेला चहाचा शेरा. मग विहिरीची दोन वाक्यं, अजून वाकडी, पण ओळीवर. आणि शेवटचं, मला अहवाल मागणारं. सरळ, बारीक, अधीक्षकांचं अक्षर. खाली तारखेसह सही. सात महिने मी ही पानं हाताळली होती आणि त्यांत फक्त कीबोर्ड वाचला होता.

“वही दिली तर फेकते,” काका म्हणाले. “कागद पुढे आला तर तिला राहवत नाही. पहिला कीबोर्डच चांगला होता रे. सुलभा वळसा घालून गेली असती.” त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “दोन बोटं अजून उघडत नाहीत. बाई म्हणतात, अजून सहा महिने लिहायला हवं. आणि तू लिहून बसलास, दोष नाही. आता मी तिच्यापुढे ठेवू काय?”

आमच्याकडे खोटं लिहू नये असं शिकवलेलं आहे. बाबांना लिहिता येत नाही, तरी तेच शिकवतात. मी नस्ती घेतली. माझ्या अहवालाखाली लिहिलं, ‘फेरतपासणीत असे आढळले की, कळफलक न्हाणीघरातून चालत नाही. सादर.’

काकांनी वाचलं. चष्मा बदलून सही केली. आम्ही दोघं आत गेलो. काका दोन पावलं मागे उभे राहिले, त्यांच्या मागे मी.

काकींनी माझं वाक्य वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग काकांकडे. पेन त्यांनी या वेळी उजव्या हातानंच उचललं. एकदा निसटलं, कुणी पुढे झालं नाही. दुसऱ्यांदा उचललं आणि लिहायला लागल्या. चांगली दहा मिनिटं लिहीत होत्या.

नस्ती परत आली तेव्हा मी काकांच्या खांद्यावरून वाचलं.

‘न्हाणीघरातून टीव्ही दिसतो काय, याचा खुलासा व्हावा. तसेच गच्ची, विहीर व मागील खोली येथूनही तपासणी करून स्वतंत्र अहवाल सादर करावेत. घाई नाही.’