वानखेडे काकांचं डिझेल

वानखेडे काकांच्या मागच्या पायरीवर लोणच्याची एक काचेची बरणी असते आणि तिच्यात डिझेल असतं. हिवाळ्यात ते रोज सकाळी ती उजेडासमोर धरून पाहतात. डिझेल गढूळ दिसलं, की ते आम्हां शेजाऱ्यांना फोन करतात.

आमच्या मिनेसोटातल्या थंडीत खोबरेल थिजावं तसं डिझेल थिजतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी बंद पडते. ते टाळणारं द्रव बाटलीत मिळतं. काका त्याला ‘औषध’ म्हणतात. टाकी भरताना ते आधी ओतायचं, मग डिझेल भरायचं, हा त्यांचा दंडक. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी आहेर म्हणून दोन बाटल्या आणल्या होत्या, वर हळदकुंकू लावून. दिवाळीच्या फराळाला भेटले तरी प्रकृतीच्या आधी विचारणार, “भाऊ, औषध टाकलं न?” कुणी विजेवर चालणारी गाडी घेतली, तर त्याचं ते सांत्वन करतात.

माझ्याकडे डिझेलचा पिकअप ट्रक आहे. त्यामुळे त्यांच्या प्रेमाचा मोठा वाटा माझ्याकडे येई, आणि मला त्याचा कंटाळा आला होता, हे आज मान्य करतो.

गेल्या जानेवारीत काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा समीर टेक्सासहून येणार होता, सहा वर्षांनी. घर विकण्यावरून बापलेकांचं बिनसलं होतं आणि आधी कोण बोलणार यातच वर्षं गेली होती. विमानतळावर मी काकांना घेऊन जाणार होतो. आदल्या दिवशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “शिरीष भाऊ, औषध टाकलं न?” बाटली गॅरेजमध्ये सीलबंद पडली होती. मी म्हणालो, “टाकलं, काका.”

सकाळी उणे तीस होतं. गॅरेजमधून ट्रक निमूट निघाला, पण हायवेवर अर्ध्या तासाने आचके देत कडेला थांबला. काकांनी नवा डोळा बारीक करून इंजिनाचे आचके ऐकले होते. त्यांना सगळं कळलं असावं. माझ्या मांडीवर त्यांनी घरून आणलेलं ब्लँकेट टाकलं.

मी म्हणालो, “काका, मी खोटं बोललो. औषध टाकलं नव्हतं.”

इतक्यात समीरचा फोन आला. तो उतरला होता आणि त्याच्या स्वरात जुना राग होता: आजही तुम्ही आला नाहीत, बाबा.

मी फोन मागितला. काकांनी हाताने मला थांबवलं.

“माझी चूक झाली, बेटा,” ते म्हणाले. “शिरीषला नीट सांगायचं राहूनच गेलं माझं. त्याचा काही दोष नाही.” मग थोडं थांबून, “बाकीचीही माझीच.”

आपल्या आळसाचं ओझं दुसऱ्याने उचललेलं पाहणं किती जड असतं, ते मला तेव्हा कळलं. पण त्या शेवटच्या दोन शब्दांना सहा वर्षं वाट सापडत नव्हती, आणि आज ती सापडली होती, हेही कळलं.

समीर म्हणाला, “बाबा, तिथेच थांबा. मी टॅक्सी घेऊन येतो. लोकेशन पाठवा.”

काकांनी हातमोजा काढला. फोन माझ्यापुढे धरून ते हळूच म्हणाले, “भाऊ, हे कसं पाठवतात? लवकर सांग, पोरगा निघाला आहे.”