सिद्धोधनचा पाय आणि कंपनीचा डिस्चार्ज

विमा कंपनीच्या पत्राला उत्तर आपणच लिहायचं, असं सिद्धोधन खंदारेनं ठरवलं तेव्हा त्याचा फक्त डावा पाय मोडलेला होता. बाकी सगळं शाबूत होतं. संसारसुद्धा.

पाय मोडायला निमित्त झालं खिरीचं. बुद्धपौर्णिमेला ताडकळसला त्यांच्या गल्लीत खीर वाटायची होती आणि त्यासाठी माळ्यावरचं मोठं पातेलं खाली काढायचं होतं. बायको सुकेशनी म्हणाली, "शेजारच्या कुसुमबाईंची शिडी आणा की." पण शिडी मागायला गेलं की कुसुमबाई आधी चार गोष्टी ऐकवतात. त्यापेक्षा पडलेलं बरं, असा विचार करून सिद्धोधननं टेबलावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, सुकेशनीला ती धरायला लावली आणि तो वर चढला. पातेल्याला हात लागतोय तोच स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं. सुकेशनी दुधाकडं धावली. (दुधाआधी नवरा पडला असता तर आपण नवऱ्याकडंच धावलो असतो, असं ती आजही शपथेवर सांगते.) आधी सिद्धोधन खाली आला, मग त्याच्यावर पातेलं आलं.

नशीब, अपघात विमा होता, काम बंद राहील तितक्या आठवड्यांची भरपाई देणारा. सुकेशनीचा मामेभाऊ पप्पू विमा एजंट. त्यानंच एका लग्नाच्या पंगतीत दाजींना जिलेबी वाढता वाढता पॉलिसी गळ्यात बांधली होती. आता तो भेटायला आला आणि म्हणाला, "दाजी, कंपनीचं पत्र आलं की मला फोन करा. उत्तर मी लिहितो. तुमी निस्ती सही ठोका."

इथंच चुकलं. सिद्धोधन पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक होता. उभी हयात त्याची टिप्पण्या लिहिण्यात गेली होती. त्याच्या एका टिप्पणीवर वरून खुलासा मागवला गेला, त्यानं खुलासा पाठवला, तर त्या खुलाशाचाच खुलासा मागवला गेला, ही गोष्ट तो पाहुण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगायचा. अशा माणसाला आलेल्या पत्राला उत्तर पप्पूनं लिहायचं? बारावीला मराठीत काठावर सुटलेल्या पप्पूनं?

"कंपनीला मीच कळवितो," सिद्धोधन म्हणाला. 'कळवतो' नाही, 'कळवितो'. पप्पूला तिथंच घाम फुटायला हवा होता.

पत्र आलं. इंग्रजीत होतं आणि डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विदाऊट प्रेज्युडिस'. सिद्धोधननं खात्याच्या परीक्षेच्या वेळची डिक्शनरी काढायला लावली. प्रेज्युडिस म्हणजे आकस, मनातली अढी. विदाऊट म्हणजे विना.

"सुकेशनी, बघ," त्यानं पत्र तिच्यापुढं धरलं. "पहिल्याच ओळीत लिहिलंय, आमच्या मनात तुमच्याविषयी काही आकस न्हाई. इतकी वर्षं नोकरी केली, पण आमच्या हाफिसात एवढं तरी कुणी लिहून दिलंय का?"

"आपण त्यांचं काय वाईट केलंय, आकस धरायला?" सुकेशनी म्हणाली.

"अगं, मोठ्या लोकांची रीत असती ती."

(ती रीत अशी: या पत्रात आम्ही काहीही म्हटलं तरी उद्या ते आमच्यावर उलटवू नका. पण हे डिक्शनरीत नव्हतं.)

पुढं कंपनीनं अपघाताचं 'प्रॉक्सिमेट कॉज' विचारलं होतं. प्रॉक्सिमेट म्हणजे निकटचं, अगदी जवळचं. सिद्धोधननं डोळे मिटून तो प्रसंग आठवला. जवळ कोण होतं? त्यानं उत्तर लिहिलं: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराच्या मनातही कंपनीविषयी आकस नाही. अपघाताचे निकटतम कारण, सौ. सुकेशनी (पत्नी). सदर कारण घटनेवेळी खुर्ची धरून उभे होते, तथापि ऐनवेळी निघून गेले.'

पत्र टपालात पडलं. सुकेशनीनंच नेऊन टाकलं. वाचलं नाही बिचारीनं.

दुसरं पत्र आलं. आता कंपनीनं लिहिलं होतं की तिनं आपले हक्क राखून ठेवलेत आणि ती एक माणूस घरी पाठवतेय. सिद्धोधन खूश झाला. "कंपनीचेपण हक्क राखीव असतात बघ. आपल्याला हाफिसात जलमभर ऐकवलं, तुमचं काय, तुमचं राखीव. आता कंपनीला जाऊन कुणी मेरिट विचारल का?"

"आन माणूस कशाला येतोय?"

"तब्येत बघायला. दुसरं काय?"

म्हणून सुकेशनीनं कांदा-शेंगदाणे घालून चुरमुऱ्यांची चांगली सुशीला केली, ठेवणीतले कप काढले. माणूस आला. नाव बजरंग साळेगावकर. पोलिसात जमादार होऊन निवृत्त झालेला, मिशीवरून अजून झालेला नव्हता. सुशीला त्यानं दोनदा घेतली आणि मग सुकेशनीकडं वळला.

"बाई, घटनेच्या दिवशी तुमचे आणि साहेबांचे संबंध कसे होते?"

"कसे म्हंजे? रोज असत्यात तसेच."

"रोज कसे असतात?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता आणि उत्तर एका बैठकीत संपणारं नव्हतं.

"खुर्ची सुटली का सोडली?"

"दूध उतू जायलं होतं, दादा!"

"किती लिटर?"

भिंतीपलीकडून कुसुमबाईंचं डोकं वर आलं. "ओ साहेब, ती गरीब गाय हाय. लय सोसती. मी तिच्या जागी असते ना, तर कवाच ढकलून दिलं असतं!"

बजरंगरावांनी तेही लिहून घेतलं. 'शेजाऱ्यांच्या मते ढकलण्यास सबळ कारण' असं काहीतरी. मग विचारलं, "ती खुर्ची कुठाय?" सुकेशनीनं बोट दाखवलं. बजरंगराव त्याच खुर्चीवर बसले होते. ते ताडकन उठले आणि त्यांनी खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढले. पायाकडं मात्र त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"दादा, पर ह्यात माझं नाव आलं कसं?" सुकेशनीनं विचारलं.

बजरंगरावांनी फोनवर सिद्धोधनचं पत्र काढून तिच्यापुढं धरलं. सुकेशनी अंगणवाडीसेविका. रोज दहा परिपत्रकं वाचायची सवय. तिनं ते सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"मी कारण हाय का?" ती एवढंच म्हणाली.

"अगं, तसं न्हाई. निकटतम म्हंजे…" सिद्धोधननं सुरुवात केली, पण ती आत निघून गेली होती. ऐनवेळी.

त्यानंतर त्या घरात जे झालं ते प्लास्टर घातलेल्या माणसावर येऊ नये. मे महिना, प्लास्टरच्या आत खाज, आणि पाण्याच्या तांब्यापासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं सुकेशनीच्या हातात. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती दारात उभी राहून सांगायची, "आकस न धरता कळवते की, भाकरी टाकलीय. पिठलं द्यायचं का न्हाई, हक्क राखीव हायेत."

सिद्धोधन वरमला. पलंगावर पडून छताकडं बघायचा. आपण खरंच काय लिहून बसलो, हे त्याला पहिल्यांदा टोचायला लागलं. तेवढ्यात तिसरं पत्र आलं आणि टोचणं राहून गेलं. कारण त्यात कंपनीनं विचारलं होतं: तुम्ही तुमचं काम करायला पूर्णपणे असमर्थ होतात, तो कालावधी कोणता?

असमर्थ! वरिष्ठ सहाय्यकाला असमर्थ!

त्यानं सपासप लिहिलं: 'निम्नस्वाक्षरीकार कधीही असमर्थ नव्हता व नाही. पहिला एक आठवडा वेदनेमुळे वाया गेला, ही बाब मान्य. तदनंतर मात्र पलंगावरूनच कार्यालयाच्या टिप्पण्या व आपल्या कंपनीशी प्रदीर्घ पत्रव्यवहार अखंड चालू आहे. पाय मोडला तरी लेखणी मोडलेली नाही.'

शेवटचं वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं त्याखाली रेघ ओढली.

चौथं पत्र जाडजूड होतं. आत एक 'डिस्चार्ज व्हाउचर' होतं, सही करून परत पाठवायचं. हे तर सोपं होतं. डिस्चार्ज दवाखाना देतो. सिद्धोधन रिक्षा करून, पाय आडवा टाकून, परभणीला डॉक्टरांकडं गेला. तासभर रांगेत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "खंदारे, तुम्हाला मी मागच्याच महिन्यात सोडलंय. मी आता परत कसा सोडू? आधी धरावं लागेल."

हात हलवत तो घरी आला तर पप्पू येऊन बसलेला. सिद्धोधननं मुकाट्यानं कागद त्याच्या हातात दिला. पप्पूनं वाचला, कपाळाला हात लावला.

"दाजी, हा डिस्चार्ज तुमचा न्हाई. हा कंपनीचा हाय. तुमी सही केली की कंपनी तुमच्या तावडीतून सुटली."

"आन पैसे?"

"एका आठवड्याचे."

"तीन महिन्यांचे पाहिजेत! पाय काय आठवड्यात जुळला का?"

"ऐका, काय लिहिलंय," पप्पू एकेक शब्द सोडवून सांगायला लागला. "अर्जदाराचा व्यवसाय, लेखनिक. अर्जदाराची पत्रं बघता लेखनाला कोणतीही बाधा आलेली दिसत न्हाई. उलट… दाजी, उलट बाधा आली असती तर बरं झालं असतं, असा सूर हाय. म्हणून पहिला आठवडाच धरलाय. ज्यात तुमी काई लिहिलं न्हाई, तो."

मग स्वयंपाकघराच्या दारातून एक आवाज आला. आधी फिस्सकन, मग मोठा. सुकेशनी हसत होती. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. भिंतीपलीकडून कुसुमबाई ओरडल्या, "काय झालं गं?" तर तिला सांगताही येईना. बजरंगराव येऊन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

"मी एकटीच कारण न्हाई म्हणायची," शेवटी डोळे पुसत ती म्हणाली. "करा सही. आन जेवायला बसा. पिठलं केलंय."

सिद्धोधननं सही केली. निषेधाची एक ओळ खाली लिहावी, असं त्याच्या हाताला फार वाटत होतं, पण पप्पूनं पेन ओढून घेतला.

एवढ्यावर भागलं असतं. पण रजेची खातरजमा करायला कंपनीनं सगळ्या पत्रांच्या प्रती हाफिसातही पाठवल्या होत्या. लिहिता येतंय तर रजा कशाला, असा निरोप आला आणि सिद्धोधन काखेत कुबडी घेऊन गटविकास अधिकारी मॅडमपुढं उभा राहिला. मॅडम त्याचीच पत्रं वाचत होत्या.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंय?"

"होय मॅडम." आता बोलणी बसणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"आणि कंपनीला हे समजलं?"

"समजलं, मॅडम."

"सगळं?"

"सगळंच. म्हणून तर पैसे कापले."

मॅडमनी घाईघाईनं कागद पुढं ओढला. "मग त्या कंपनीतल्या माणसाचं नाव आणि नंबर द्या. तुमच्या टिप्पण्या समजावून सांगायला आम्ही इथं कधीपासून माणूस शोधतोय."