चावीचा मुराळी

‘चावी’ या शब्दाला माहेरी न्यायला ‘काजू’ हा शब्द मुराळी म्हणून आला, तेव्हा अंबूताई नाबर विळीवर नारळ खवत होत्या. त्यांनी हात धुतले, पदर सारखा केला आणि पाहुण्याला ओसरीवर खुर्ची दिली. काजू कमरेत जरा वाकलेला होता. अंगात तपकिरी कोट, बोलणे मात्र सरळ.

वेंगुर्ल्यात याचे कोणाला नवल नव्हते. परमुलखातून आलेले शब्द आळीपाळीने पावसाळ्यापूर्वी माहेरपणाला जातात, ही तिथली रीतच. मागल्या वर्षी देसायांकडची ‘बादली’ गेली, तर ती येईपर्यंत त्यांच्या घरी नुसते न्हाणीघराकडे बोट दाखवीत. एकांचा ‘पाव’ माहेरी राहून चांगलाच फुगून आला होता. प्रत्येक घराचा शब्द स्वतंत्र, त्यामुळे एकाचा गेला म्हणून दुसऱ्याचे अडत नसे. शिवाय चावी नसली तरी ‘किल्ली’ असतेच.

अंबूताईंच्या घराची गोष्ट निराळी होती. त्यांचे यजमान आप्पा, उभा जन्म वकिली केलेला माणूस, गेल्या दिवाळीत भिंतीवरच्या घड्याळापाशी उभे राहून “अगं, चावी” एवढे म्हणाले आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बाकीची सगळी भाषा गेली. तोंडात तेवढा एक शब्द राहिला.

त्यावरच संसार चालला होता. आप्पांनी ‘चावी’ तुटक म्हटली की चहा. शेवट लांबवला की खिडकी उघडायची, कारण समोरच्या फणसावर खार आलेली असे. चिडून म्हटली, तर पाठीमागचा लोड घसरलेला. आणि हलक्या आवाजात दोनदा म्हटली, की काही नको, नुसती येऊन बस. हे अर्थ अंबूताईंनी एकेक करून हुडकले होते, आणि अजूनही अधूनमधून एखादा नवा सापडे.

“या वर्षी जमायचं नाही,” अंबूताई म्हणाल्या.

“विहीणबाई, कारण सांगावं लागेल.”

“घरात माणूस आजारी आहे. त्यांच्यापाशी हा एकच शब्द आहे.”

“कारण सबळ आहे,” काजू गंभीरपणे म्हणाला. “पण ती पोर्तुगालची लेक. गलबतातून इथं आली. कुलपं उघडली, घड्याळं चालवली, नळ सोडले. दोघांत भांडण लावून द्यायचं, तरी तुम्ही लोक तिलाच पुढे करता. इतक्या वर्षांत एकदाही माहेरी गेलेली नाही.”

“इतक्या वर्षांनी कसलं माहेर? तिथं तिला ओळखणार कोण?”

“तुम्ही माहेरी शेवटच्या कधी गेला होतात?”

भाऊ वारल्यापासून अंबूताईंनी माहेरची, कुडाळची वाट धरली नव्हती, पण तिथल्या विहिरीच्या पाण्याची चव अजून जिभेवर होती.

“आणि तुमचं माहेर तेच का?” त्यांनी विषय बदलला.

“मी तिथला दत्तक. जन्मघर आणखी एका समुद्रापलीकडे. वाटा पाठ आहेत, म्हणून मुराळी मलाच धाडतात.”

गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून शेजारच्या मार्सेलीनबाई ऐकत होत्या. “अंबूताय, माझी चावी न्हेवा मगे. घरात बोलणारी मी एकटी, माझा काय अडता?”

तोही प्रयत्न करून पाहिला. आप्पांनी उसना शब्द तोंडात घोळवला, दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखे तोंड केले आणि तो सभ्यपणे परत दिला.

आता एकच उपाय उरला होता. मुराळ्याने घरचा चहा घेतला, की त्याला रिकामे परत पाठवता येत नाही. म्हणून अंबूताईंनी अजून चहाचे नाव काढले नव्हते. दारी आलेल्या पाहुण्याला असे कोरडे बसवून ठेवताना त्यांच्या जिवाची तगमग होत होती, तरीही.

इतक्यात आतून आवाज आला, “चावी.”

तुटक.

“काय म्हणतात?” काजूने विचारले.

खिडकी उघड म्हणतात, असे सांगता आले असते. अंबूताईंच्या ओठांवर ते आलेही होते.

“पाहुण्यांना चहा दे म्हणतात,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. “अहो, कोण आलंय कळतंय ना? चहा दिला तर ती जाईल. मग काय करणार तुम्ही?”

आप्पांनी घड्याळाकडे पाहिले, मग बायकोकडे.

“चावी,” ते म्हणाले. तितकेच तुटक.

चहा झाला. चावी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. अंबूताईंनी तिला कुंकू लावले. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ घालून ओटी भरली. तिने रीतीप्रमाणे ओटीतले चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकले, “येते” म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

“तिच्या अर्थांचं काय?” अंबूताईंनी मागून विचारले.

“अर्थ सासरचे, विहीणबाई. ते माहेरी नेता येत नाहीत,” काजू म्हणाला आणि तिच्या मागोमाग बंदराकडे निघाला.

संध्याकाळी अंबूताईंनी घड्याळाला किल्ली दिली. आप्पांनी तोंड उघडले. काहीच आले नाही. ते तसेच तोंड उघडे ठेवून राहिले. मग अंबूताईंच्या ध्यानात आले, की या गप्प राहण्याचाही शेवट लांबवलेला आहे. त्यांनी उठून खिडकी उघडली. फणसावर खार होती.

दिवेलागणीला आप्पांनी पुन्हा तोंड उघडले आणि मिटले. एकदा, दोनदा, आणि थांबून तिसऱ्यांदा. वर डावी भुवई उचलली. हे अंबूताईंना ठाऊक नव्हते. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

“पुन्हा म्हणा बघू,” त्या म्हणाल्या.