श्रावणभाऊंचं ओलं फडकं

आमचे शेजारी श्रावणभाऊ ताटाखाली ओलं फडकं अंथरल्याशिवाय घास घेत नाहीत. घरी नाही, लग्नात नाही, तेरवीतसुद्धा नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत पत्रावळीखाली फडकं घातलं. पत्रावळ भिजली, बूड सुटलं आणि वरण थेट माझ्या नव्या कोऱ्या पँटीवर! मी बोंब ठोकली, तर हे शांतपणे म्हणतात, "मास्तर, पत्रावळ जाग्यावरून हालली का? ते पाहा."

आमच्या एकोडी गावात चहूकडे धानाची शेतं. समुद्र मी शाळेत शिकवला तोही नकाशावर. पण श्रावणभाऊ नौदलात स्वयंपाकी होते, तेही साध्यासुध्या जहाजावर नाही. "साहेब लोकांचा प्रयोग होता, मास्तर. लढाईच्या जहाजांले डिझेल, बटाटे, तोफगोळे धावत नेऊन द्याचे." ते जहाज असं धावे म्हणे, की कप्तानाच्या पुढ्यातली थाळी डॉक्टरच्या मांडीत जाऊन बसे. म्हणून ओलं फडकं. "जहाजानं धावावं, ताटानं नाही!" हे वाक्य मी आता झोपेतही म्हणेन.

त्या जहाजापायी त्यांचं लग्न राहिलं. तुमसरला मुलगी पाहायचं ठरलं, की तिकडे चाचणी निघायची. तिसऱ्या खेपेला मुलीच्या बापानंच विचारलं, "प्रयोग जहाजाचा हाय, का आमच्या पोरीचा?"

त्या जहाजाची नोकरी मला माझ्या नोकरीपेक्षा जास्त पाठ आहे. सुरुवातीला नुसती वाहवा. मग साहेबांच्या ध्यानात आलं, की दुसऱ्यांसाठी नेलेलं डिझेल हा गडी वाटेतच पिऊन राहिला. पुढे एका चक्रीवादळात बेटावर तांदूळ-पाणी घेऊन तेच सगळ्यांच्या आधी पोचलं. ("पहिली खिचडी माही होती, मास्तर!") त्यानंतर नौदलाच्या बँडवाल्यांची ने-आण. आणि शेवटी धक्क्याला बांधून ठेवलं. श्रावणभाऊ निवृत्त झाले ते बांधलेल्या जहाजावरूनच.

पण तसंच दुसरं बनणार, ही त्यांची खात्री. "नकाशे तयार हायेत. धावत्या जहाजावर रांधणारा दुसरा हाय कोन? पोरांले शिकवाले मलेच बोलावतील." म्हणून हे फडकं, हाताची सवय मोडू नये! ट्रंकही भरून ठेवलेली. मी रोज कुंपणावरून छळायचो, "काय श्रावणभाऊ, आलं का बोलावणं?"

"येऊन राहिलं," ते म्हणायचे.

मागच्या मंगळवारी दुपारी मी वाटीभर लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी घेऊन गेलो. श्रावणभाऊ जेवत होते. ताट उघड्या फरशीवर. फडकं दोरीवर, कोरडं ठक्क. डाव्या हातानं त्यांनी ताटाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"काहून भाऊ, फडकं?"

"जुन्या साथीदाराचा फोन आला विशाखापट्टणमवरून. जहाज भंगारात गेलं." घास तसाच हातात. "दुसरं नाही बनत. नकाशे बी गुंडाळून ठेवले म्हणे. आता सराव कायले करू?"

रोज कुंपणावरून विचारणाऱ्या माझ्या तोंडाची मला लाज वाटली. माणसाकडे एवढी एकच आस होती आणि मी तिची गंमत करत होतो.

मी फळीवरची थाळी घेतली, भात वाढून घेतला आणि त्यांच्यासमोर बसलो. दोन घास खाल्ले.

"श्रावणभाऊ," मी म्हटलं, "माझं ताट सरकून राहिलं."

त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. ते तसूभरही हललेलं नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो, दोरीवरचं फडकं बादलीत बुडवलं आणि तसंच निथळत आणून माझ्या ताटाखाली सारलं. फरशीवर हे थारोळं!

"अरे अरे अरे!" श्रावणभाऊ ताटावरून उठलेच. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "असं नाही, मास्तर! आंधी पिळा. मंग चारही कोपरे ताना. चाला, परत करा."

मी परत केलं.