बाळासोंचा नवा पंप

चहा गार होत होता आणि बाळासो नवा पंप उलटासुलटा करून बघत होते. दम्याचा त्यांचा नेहमीचा पंप मोठ्या कंपनीचा. आता त्याच औषधाचा जेनेरिक पंप निघाला होता आणि डॉक्टरांनी तोच लिहून दिला होता.

"नकली हाय ह्यो," बाळासो म्हणाले. "घेतला तरी काय बी गुण न्हाय."

"औषध त्येच हाय म्हणालेत की डॉक्टर," त्यांच्या पत्नी संयोगिताबाई म्हणाल्या.

"मग कंपनीचं नाव का न्हाय?"

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. संध्याकाळी शेजारच्या धैर्यशीलांना साक्षीदार म्हणून घेऊन बाळासो मेडिकलवर धडकले. दुकान चालवणारी ऐश्वर्या गोळ्या मोजत होती.

"पोरी, पंप बाद हाय तुझा!"

"घेऊन दाखवा की, काका."

बाळासोंनी पंप तोंडाला लावला, दाबला आणि जोरात फुंकर मारली. औषधाचा फवारा धैर्यशीलांच्या मिशीवर बसला.

"काका, श्वास आत वढायचा असतोय!"

"जुना तर असाच घेत हुतो."

"किती वर्सं?"

बाळासो रस्त्यावरच्या रिक्षा बघू लागले.

ऐश्वर्याने सगळं नीट शिकवलं. आधी श्वास सोडायचा, पंप ओठांत घट्ट धरायचा, एकदा दाबून त्याच वेळी श्वास सावकाश आत ओढायचा आणि थोडं रोखून धरायचं. काही दिवसांतच बाळासो जिना न थांबता चढू लागले.

"कंपनीपेक्षा भारी हाय!" ते ज्याला त्याला सांगत सुटले.

ते संयोगिताबाईंनीही ऐकलं. मग गॅसची टाकी बाळासोंनीच आत आणली. गाद्या त्यांनीच गच्चीवर नेल्या. 'दम लागतोय' म्हणायची सोयच उरली नाही. रविवारी तर मलकापूरला मेव्हण्याकडे जावं लागलं. डोंगरातली हवा सोसत नाही म्हणून तिकडची लग्नं-बारशी त्यांनी आजवर चुकवली होती. मेव्हण्याने दिवसभर शेताचा एकेक बांध फिरवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी बाळासो एकटेच मेडिकलवर आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, त्यो जुना कंपनीचाच दे."

"का वो? ह्यानं गुण न्हाय?"

"लई गुण आलाय. त्योच तर वांदा झालाय."

ऐश्वर्याला हसू आवरेना. "देते की. पण काका, आता तुमास्नी वढता येतंय. त्यो बी गुण देणारच."

तेवढ्यात बाळासोंचा फोन वाजला.

"भाईर हायसा न्हवं?" पलीकडून संयोगिताबाई म्हणाल्या. "येताना गिरणीतनं दळण घेऊन या."

"आणतो की," बाळासो म्हणाले. "दमानं आणतो."