दामलेसाहेबांच्या सहा घंटा

पेशंटला भूल चढली की दामलेसाहेब दर वेळी एक वाक्य पुटपुटायचे आणि नवा सर्जन दर वेळी दचकायचा. वाक्य होतं, "ट्रेबल्स गोइंग... शीज गॉन!"

ऑपरेशन टेबलावर झोपलेल्या माणसाबद्दल भूलतज्ज्ञानं "शीज गॉन" म्हणणं तसं बरं नव्हे. एकदा एका सर्जननं हातातला चाकू खाली ठेवला होता. मग थिएटर सिस्टर मार्गारेटनं त्याला समजावलं, "घाबरू नका. पेशंट ठीक आहे. डॉक्टर दामले मनातल्या मनात घंटा वाजवताहेत. ट्रेबल म्हणजे पहिली घंटा, ती निघाली असं सांगताहेत."

मी लीड्सला त्यांच्या हाताखाली लागले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी. सांगलीचा हा गृहस्थ, सडाफटिंग, जानवं घालणारा, दर रविवारी सकाळी चर्चच्या टॉवरमध्ये घंटा वाजवायला जातो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्या महाराष्ट्र मंडळात त्यावर दोन मतं होती. एक, दामले बाटला. दोन, दामलेला वेड लागलं. साहेबांना दोन्ही मान्य नव्हती. "सहा दिवस लोकांना झोपवतो, सातव्या दिवशी उठवतो. हिशेब पुरा," म्हणायचे.

त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी ते इथे आले तेव्हाच्या पहिल्या रविवारी दुकानं बंद, रस्ते ओस, खोलीत हीटर नाही. बाहेर घंटा वाजायला लागल्या. हा माणूस आवाजाच्या मागे मागे निघाला, चर्चमध्ये शिरला, अंधारा गोल जिना चढून थेट वर गेला. तिथे हॅरल्ड नावाचा टॉवर कॅप्टन चार माणसं घेऊन सहाव्याची वाट बघत होता. त्यानं नाव-गाव-धर्म काही विचारलं नाही. "कॅन यू काउंट?" एवढंच विचारलं.

"सांगलीच्या शाळेत कुणी मला इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता गं," साहेब सांगायचे.

मी विचारलं, "पण सर, यात गाणं कुठे आहे? नुसताच तर खणखणाट."

झालं. त्यांनी कॅन्टीनच्या टेबलावर मीठ, मिरपूड, व्हिनेगर आणि तीन चमचे ओळीत मांडले. "ही एक ते सहा. सगळ्या एकदा वाजल्या, की पुढच्या फेरीला जागा बदलायच्या. हा क्रम पुन्हा येता कामा नये. सहा घंटांचे सातशेवीस क्रम होतात. कागद नाही, काही नाही, सगळं डोक्यात. घंटा ऐकायची नसते, मोजायची असते!" माझा चहा गार झाला तरी ते मिठाला व्हिनेगरच्या पुढे नेत होते.

शेवटी एका रविवारी मी वर गेले. खोलीच्या छतातून सहा दोर लोंबत होते, प्रत्येकाला हातात धरायला लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची जाड मूठ. दोर वेळेवर सोडला नाही तर माणूस छताला जातो, ही सूचना मी नीट ऐकली आणि पहिल्याच खेचीला दोन फूट वर गेले. साहेबांनी मला कमरेला धरून खाली आणलं आणि म्हणाले, "छान. आता सोडायचं केव्हा ते शिक."

मग त्या सहा जणांनी वाजवायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून उभी होते. डोक्यावर कितीतरी टनांचा काशाचा भार पूर्ण उलटा होऊन पुन्हा खाली येत होता आणि त्याच्याबरोबर अख्खा टॉवर झाडासारखा डुलत होता. खरंच डुलत होता, माझ्या पाठीला कळत होतं. खाली मेणबत्त्या, लांब झगे घातलेली मुलं, थंडगार दगडाचा आणि धुपाचा वास. आपल्याकडे देवळात शिरताना आपण घंटा वाजवून देवाला सांगतो, मी आले. इथे उलटंच होतं. कुणीतरी वरून साऱ्या गावाला सांगत होतं, मी आहे. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले.

दुसरा दोर आमच्या मार्गारेटचा आणि तिसरा जीनचा. जीन भूगोल शिकवायची. दोघी पंचवीस वर्षं एका घरात राहत होत्या. त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं आणि त्या सांगत नव्हत्या. एक दिवस मार्गारेटच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन सोमवारी ठरलं. त्याआधी आम्हाला चर्चमध्ये आशीर्वाद हवाय, लग्नासारखा, असं त्यांनी व्हिकारला, म्हणजे तिथल्या पाद्र्याला, जाऊन सांगितलं. व्हिकार भला माणूस. त्यानं बिशपना विचारलं. उत्तर आलं, नाही.

टॉवरमध्ये त्यांनी हे सांगितलं तेव्हा हॅरल्डनं टोपी उचलली. "आय विश यू वेल, मार्गारेट. पण ह्याच्यासाठी मी दोर धरणार नाही," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दामलेसाहेब दोराकडे बघत होते. मग म्हणाले, "लग्नाला बिशपची परवानगी लागते. प्रॅक्टिसला लागत नाही. शनिवारी तीन वाजता प्रॅक्टिस."

"पण आपण पाचच आहोत," जीन म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, मला अजून नीट येत नाही हो!"

"ट्रेबल घे. सगळ्यात हलकी. मोज फक्त."

शनिवारी व्हिकारनं टॉवरचं कुलूप स्वतः उघडलं आणि "मी बागेत आहे, मला काही ऐकू येत नाही," असं सांगून गेला. मार्गारेट निळ्या सुटात, जीनच्या कॉलरला पांढरं फूल. आणि साहेब चक्क धोतर, कोट आणि टाय! त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली.

"मंगलाष्टक केलंय. शार्दूलविक्रीडितात," ते मला म्हणाले. "मार्गारेट काय बसलीय बघ! पहिली तिन्ही अक्षरं गुरू. जणू वृत्तासाठीच नाव ठेवलंय."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आम्ही त्यांच्यामध्ये जीनचा स्कार्फ धरला, अंतरपाट म्हणून. साहेबांनी डोळे मिटून सूर लावला:

"मार्गारेट नि जीन आज मिळुनी घंटेसवे नांदती..."

त्या दगडी खोलीत तो आवाज वर वर चढत गेला. मी शिरस्त्यानं हसायची तयारी करून आले होते, पण हसू आलं नाही. "कुर्यात् सदा मंगलम्"ला त्यांचा आवाज फाटला. आम्ही तांदूळ टाकले, स्कार्फ खाली केला. त्या दोघींनी एकमेकींकडे असं बघितलं, की मी नजर दुसरीकडे वळवली. मग नवऱ्या मुलींनीच आपापले दोर धरले. स्वतःच्या लग्नाची वाजंत्री स्वतः वाजवणारी जोडी मी पुन्हा पाहिली नाही. पाऊण तास आम्ही वाजवलं. मी फक्त दोनदा चुकले.

मार्गारेट त्यानंतर अकरा वर्षं जगली. हॅरल्ड पुढच्याच रविवारी कामावर आल्यासारखा परत आला. त्यानं काही विचारलं नाही.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी आणि साहेब खाली बाकावर बसलो. मी म्हटलं, "सर, मंगलाष्टक फार सुंदर म्हटलंत."

"कुठलं सुंदर? शेवटी फाटला आवाज."

"कधी शिकलात?"

त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली.

"मिरजेला मेडिकलच्या होस्टेलवर वसंता माझा रूममेट. सहा वर्षं एका खोलीत राहिलो. मग त्याच्या आईनं मुलगी बघितली. मंगलाष्टकं तूच म्हणायची, म्हणाला. दुसऱ्या कुणी म्हटलेली त्याला चालणार नव्हती." त्यांनी धोतराचा सोगा नीट केला. "त्याच्या शेजारीच उभा होतो. पुढच्या महिन्यात बोटीचं तिकीट काढलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"त्या दिवशी मात्र आवाज अगदी स्वच्छ लागला होता," दामलेसाहेब म्हणाले. "शेवटपर्यंत. सगळ्या मांडवानं वाहवा केली."