मायदेवांनी रिव्हॉल्व्हर घासलं त्याची गोष्ट

शरच्चंद्र मायदेवांचं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यातून परत मिळालं तेव्हा त्याच्या नळीवर डाग होता. लहानसाच, तुरीच्या डाळीएवढा, पण पिवळा. मायदेवांनी तो आधी चष्म्यातून पाहिला, मग चष्म्यावरून पाहिला, आणि मग समोरच्या हवालदाराकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"कुठाय?" हवालदार संभाजी शितोळे सही घेण्यासाठी पेन शोधत होते.

"हा! हा काय! निवडणुकीआधी मी हत्यार जमा केलं तेव्हा हा डाग नव्हता. स्टेनलेस स्टील आहे हे, शितोळे. एकोणीस वर्षं माझ्या घरात यावर डाग पडला नाही, तो तुमच्याकडे दोन महिन्यांत पडला. तुम्ही लोक याच्यावर जेवत होता का?"

"दोनशे हत्यारं जमा होती साहेब. कुणाच्या तरी डब्यातली आमटी सांडली असंल. गोळी काय डागातनं जात नाही, नळीतनं जाती. करा सही."

मायदेवांनी सही केली, पण सहीखाली 'डागासह परत मिळाले' असं लिहूनच ते उठले. आमटी! सरकारला विश्वासाने दिलेल्या वस्तूवर आमटी! तळपायाची आग मस्तकात घेऊन ते घरी आले.

खरं सांगायचं तर हे रिव्हॉल्व्हर मायदेवांनी आयुष्यात एकदाही चालवलेलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात असताना धरणांच्या कामावर रानात राहावं लागे, म्हणून परवाना घेतला होता. पुढे निवृत्त होऊन ते सदाशिव पेठेत राहायला आले आणि हत्याराचं काम संपलं. सदाशिव पेठेत माणूस गारद करायला गोळी लागत नाही, एक वाक्य पुरतं. तरी दर तीन वर्षांनी ते परवान्याचं नूतनीकरण करून घेत, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवत, आणि दर रविवारी जुन्या बनियनचा तुकडा घेऊन रिव्हॉल्व्हर घासत बसत. आल्यागेल्याला ते दाखवत आणि म्हणत, "भांग पाडून घ्या हवं तर." अशा हत्यारावर आमटीचा डाग!

त्यांनी धातूचं पॉलिश लावून पाहिलं. डाग हलेना. दुसऱ्या दिवशी वस्त्रगाळ रांगोळी घेतली. डाग फिका झाला, पण गेला नाही. तिसऱ्या दिवशी ते रंगाऱ्यांच्या दुकानातून सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर घेऊन आले आणि सकाळच्या चहापासून घासायला बसले.

"घासायचंच आहे तर ओट्यावर दुधाचं पातेलं पडलंय," सुनीतीबाई आतून म्हणाल्या. "बूड लागलंय त्याला."

"ते पातेलं आहे."

"मग हे कोण लागून गेलंय? पातेल्यातून निदान वाफ तरी निघते."

मायदेव घासत राहिले. दुपारी चारला डाग गेला. नुसता गेला नाही, तिथे अशी लकाकी आली की मायदेवांना स्वतःच्या मिशीतला पांढरा केस वेगळा दिसला. त्यांनी विजयी मुद्रेने बायकोला हाक मारली. बाईंनी हात पुसत येऊन रिव्हॉल्व्हर उलटंपालटं करून पाहिलं.

"अहो, याचा नंबर कुठे होता हो?"

"इथेच की, डागाच्या शेजारी..." मायदेव बोलता बोलता थांबले. जिथे ४०७१३ हा आकडा कोरलेला होता, तिथे आता मायदेवांचं नाक दिसत होतं.

त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिलं. भिंग घेतलं. तीनाची एक शेपटी दिसल्यासारखी वाटली, पण ती सुरकुती त्यांच्याच कपाळावरची निघाली. सुनीतीबाईंनी शांतपणे परवान्याचं पुस्तक काढलं आणि मागच्या अटी वाचायला घेतल्या.

"हत्यारावरचा क्रमांक खोडणं हा दखलपात्र गुन्हा आहे."

"मी खोडला नाही. घासला."

"ते न्यायाधीशांना सांगा. सोमवारीच नूतनीकरण आहे ना? हत्यार दाखवायला बोलावलंय ना? जा. येरवड्यात पाणी म्हणे दिवसभर असतं."

"हा अन्याय आहे!" मायदेव ओरडले. "डाग पाडणारा तो मोकळा, आणि पुसणारा गुन्हेगार! आणि नंबर म्हणजे काय कुंकू आहे, घासलं की जायला? कोरतात कशाला मग?" पण ओरडून झाल्यावर ते खुर्चीत मटकन बसले. जन्मात सिग्नल मोडला नव्हता त्यांनी. आता परवाना जाणार, हत्यार जाणार, वर खटला.

मार्ग सुनीतीबाईंनीच काढला. सोमवारीच वारज्याच्या कार्यालयात मायदेवांच्या भाचीचं, रेवतीचं लग्न होतं. तिच्यासाठी घेतलेल्या स्टीलच्या मोठ्या डब्यावर नाव घालून आणायचं राहिलंच होतं. रविवार पेठेतले मकबूलभाई भांड्यांवर नावं कोरत. अर्ध्या पुण्याच्या वाट्या-तांब्यांवरची नावं त्यांच्या हातची. तिथेच पुसट झालेला नंबरही गिरवून घ्यावा.

"हे बेकायदेशीर नाही ना?" मायदेवांनी विचारलं.

"फळ्यावरचं पुसलेलं अक्षर मास्तर पुन्हा गिरवतात. त्यांना कुणी धरून नेतं का?"

रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून डब्यात घातलं गेलं. वर दोन चिठ्ठ्या. वरची डब्यावर कोरायच्या मजकुराची, खालची नंबराची. "वरची डब्याची, खालची आतल्या वस्तूची," बाईंनी तीनदा घोकून घेतलं. मायदेव ते रिक्षात पुटपुटत राहिले. नंबर बरोबर लिहिलाय ना, म्हणून त्यांनी रिक्षातच नंबराची चिठ्ठी काढून परवान्याशी ताडून पाहिली. तंतोतंत बरोबर होता. समाधानाने त्यांनी ती परत ठेवली. वर.

मकबूलभाई साठीचे, कानात कोरणीयंत्राचा आवाज बसलेले गृहस्थ होते. मायदेवांनी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवून हलक्या आवाजात बजावलं, "वरची चिठ्ठी डब्यावर, खालची आतल्या वस्तूवर. चिठ्ठीत आहे तेच कोरायचं. एक शब्द बोलायचा नाही, एक प्रश्न विचारायचा नाही."

मकबूलभाईंनी फडकं सोडलं, आतली वस्तू पाहिली, खालची चिठ्ठी वाचली, आणि तोंड उघडलं.

"एक प्रश्न नाही!" मायदेव म्हणाले आणि पाठ फिरवून रस्त्यावर पहारा देत उभे राहिले. पोलीस आलाच तर आडवं व्हायचं, एवढाच त्यांचा बेत होता. मागे यंत्र घुर्र घुर्र करत राहिलं. पाच आकड्यांना एवढा वेळ? पण माणूस मन लावून काम करतोय, आपण कशाला घाई करा, म्हणून मायदेव गप्प राहिले. तेवढ्यात कोपऱ्यावर खरोखरच दोन शिपाई दिसले. मायदेवांनी वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन्ही वस्तू उचलल्या आणि रिक्षा गाठली.

घरी आल्यावर त्यांनी रिव्हॉल्व्हरचं पुडकं उघडलंच नाही. "हात लावला की घासावंसं वाटतं," असं त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि किल्ली बायकोकडे दिली. मकबूलभाईंचं काम कधी तपासावं लागत नाही, म्हणून बाईंनीही डब्याच्या वर्तमानपत्रावरूनच चमकीचा कागद लावून टाकला.

सोमवारी सकाळी सुनीतीबाई पैठणी नेसून डब्यासह वारज्याला गेल्या आणि मायदेव पुडकं घेऊन ठाण्यात. शितोळ्यांनी परवाना पुढ्यात ठेवला, कागद सोडला, आणि रिव्हॉल्व्हर उजेडात धरून नंबर वाचायला सुरुवात केली.

"चि... सौ... कां..." ते थबकले. "रेवती हिस... मामा-मामींकडून..." एवढ्यावर नळी संपली. शितोळ्यांनी रिव्हॉल्व्हर फिरवून मूठ पाहिली. "सप्रेम भेट. आन् पुढं कुयरी काढलीय."

कोपऱ्यात बसवून ठेवलेला एक खिसेकापू आधी हसला.

"मकबूल!" मायदेव किंचाळले. "अहो, असं कसं कोरतो हा माणूस? रिव्हॉल्व्हरवर? विचारायला नको?"

आतून इन्स्पेक्टर आनंदी जगदाळे बाहेर आल्या. त्यांनी हत्यार पाहिलं, परवाना पाहिला, मायदेवांना पाहिलं. "आजोबा, भाचीला लग्नात रिव्हॉल्व्हर देताय?"

"मॅडम, डबा देतोय!"

"नंबर कुठे आहे याचा?"

मायदेवांनी डोळे मिटले. "डब्यावर असावा."

डबा आणायला फोन गेला. तासाभराने सुनीतीबाई आल्या त्या रणरागिणीसारख्या. "मंगलाष्टकं चालू होती! अख्ख्या मांडवासमोर मी आहेरातला डबा उचलून बाहेर पडले! नवरदेवाची आई विचारते, आवडला नाही का हो आमचा मुलगा?" त्यांनी कागद टराटरा फाडला. डब्यावर मकबूलभाईंच्या वळणदार हातात ४०७१३ झळकत होतं. तिथेही कुयरी होती.

मकबूलभाईंनाही फोनवर विचारण्यात आलं. ते मुळीच घाबरले नाहीत. "मैं पूछनेवालाच था साहेब. पण गिऱ्हाईक म्हणालं, प्रश्न विचारायचा नाही. आणि खरं सांगू का, तीस वर्षांत लोकांनी काय काय आणलंय. एकाने खलबत्त्याच्या बत्त्यावर सासूचं नाव घालून नेलं. मी कुणाकुणाला विचारू?"

जगदाळेबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता, तो काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्या कडक आवाजात म्हणाल्या, "खटला भरत नाही. घासण्याच्या नादात झालंय हे कुणालाही कळेल. पण नंबर सरकारमान्य माणसाकडूनच मारून घ्यायला हवा, त्यासाठी मी वर लिहिते. तोवर दोन्ही वस्तू इथे राहतील. शितोळे, पावत्या करा."

"इथे? तुमच्या गोदामात?" मायदेव कळवळले. "पुन्हा आमटी?"

"आजोबा, येरवड्यापेक्षा आमटी बरी."

शितोळ्यांनी पावत्या केल्या. छापील पावतीवर पहिला रकाना क्रमांकाचा होता, आणि शितोळे रकान्याबाहेर जाणारा माणूस नव्हे. ज्यावर क्रमांक होता त्याच्यापुढे त्यांनी क्रमांक लिहिला, ज्यावर नाव होतं त्याच्यापुढे नाव लिहिलं. मॅडमनी हसू आवरत दोन्हींवर सही केली. रेवतीला आहेर म्हणून पाकीट गेलं, आणि पंधरा दिवसांत ती नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली.

मायदेव मात्र झुरले. रविवार आला की बनियनचा तुकडा हातात घेऊन नुसते बसायचे. परवाना मिळतो की रद्द होतो, या काळजीने त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दोन महिन्यांनी ठाण्यातून पत्र आलं, 'आपल्या शस्त्र परवान्याचे तीन वर्षांकरिता नूतनीकरण मंजूर झाले असून शस्त्र घेऊन जावे.' मायदेवांनी ते पत्र देवापुढे ठेवलं, नवा सदरा घातला आणि सुनीतीबाईंना घेऊन ठाण्यात गेले.

शितोळ्यांनी परवान्यावरचा ताजा शिक्का दाखवला. मग पोत्यात हात घालून डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे घ्या. चार शून्य सात एक तीन. जुळला."

"शितोळे, हा डबा आहे."

"आमच्याकडं क्रमांक बघत्यात साहेब. परवान्यावर जो, तोच वस्तूवर. नव्या साहेबांनी सोता ताडून सही केलीय."

"जगदाळे मॅडम कुठे आहेत?"

"बदली झाली."

"अहो, मग माझं रिव्हॉल्व्हर?"

शितोळ्यांनी दुसरी पावती काढून वाचली. "स्टीलची वस्तू एक. क्रमांक नाही. नाव, चि. सौ. कां. रेवती. ती त्यांनाच द्यायची, वळख पटवून."

"ती कॅनडात आहे!"

"आल्या की पाठवा. सामान कुठं पळून जात नाही."

मायदेवांचा बांध फुटला. हा कारभार आहे की तमाशा, माणसाला डोळे दिलेत की नाहीत, मी आयुक्तांना लिहीन, वर्तमानपत्रात देईन, असं ते पाच मिनिटं बोलत होते. शितोळ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जरूर लिहा. पण अर्जात शस्त्राचा क्रमांक घालायला इसरू नका. त्याबिगर अर्ज घेत नाहीत." त्यांनी डबा मायदेवांकडे सरकवला. "आन् आणखी एक. पुढच्या महिन्यात महापालिकेची निवडणूक लागतीय. आचारसंहिता लागली की आठ दिवसांत हे जमा करायचं. उशीर झाला तर परवाना रद्द."

सुनीतीबाईंनी डबा ओढून घेतला, झाकण उघडून आत पाहिलं, वास घेतला आणि संतापाने शितोळ्यांकडे वळल्या.

"पुढच्याच महिन्यात? अहो, मग मी पोहे कशात भरून ठेवू?"